दगडावरचं चौथं नाव

९ नोव्हेंबर

धाकटा आला!

प्रार्थनेहून परत येतो तर दुकानाच्या पायरीवर बसलेला. शेजारी एक बॅग. मला आधी गिऱ्हाईकच वाटलं. घरात कुणी गेलं की लोक असेच येऊन बसतात. दुकान उघडायची वाट बघतात आणि नाव काय कोरायचं ते कसं सांगावं हे मनात जुळवत राहतात. मी म्हणणारच होते, आज बंद आहे, उद्या या. तेवढ्यात तो उठला आणि म्हणाला, "ताई."

बाबा माझ्या मागे होते, माझा दंड धरून. त्यांचा हात सुटला. पडतात की काय म्हणून वळले, तर ते पुढे निघालेले. काठी न टेकता! भर रस्त्यात त्याच्या गळ्यात पडले. बाबांनी कुणाला मिठी मारलेली मला आठवत नाही. आईलाही नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही.

मी कुलूप काढलं. कुणीतरी काढायलाच हवं होतं.

१० नोव्हेंबर

बाबांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय. त्याला वरची खोली दे. गादी उन्हात टाक. त्याला चहा गोड लागतो. — माहीत आहे मला! लहानपणी मीच करून देत होते. मला कसा लागतो ते विचारा कधीतरी, असं अगदी ओठावर आलं होतं.

तो बदललाय. कानामागे केस पांढरे झालेत. आधी धरणांच्या कामावर होता म्हणे, मग बोगद्यांच्या. गंमतच आहे! घरातल्या दगडाला विटून गेला आणि तिकडे डोंगर फोडत बसला. मी तसं बोलून दाखवलं. तो हसला. मी नाही हसले.

मला त्याच्याशी हसता येत नाही. आई गेली तेव्हा बाबांनी त्याच्या कामाच्या ठिकाणी फोन केला होता. त्याचा ठावठिकाणा फक्त बाबांना ठाऊक होता. फोन करून आले, म्हणाले, "येत नाही म्हणाला," आणि आत निघून गेले. आई शेवटपर्यंत त्याचं नाव घेत होती, आणि हा — येत नाही म्हणाला! तेवढं एक वाक्य मी इतकी वर्षं उराशी धरून आहे. आणि आज त्याचीच गादी उन्हात टाकली.

११ नोव्हेंबर

चहा पिताना म्हणाला, "ताई, आईला भेटून यायचंय. तू येशील बरोबर?"

बाबांचा कप बशीवर वाजला. त्यांचे हात तसेही थरथरतात, आई गेली त्या वर्षापासून, म्हणून तर अक्षरांचं सगळं काम माझ्याकडे आलं. पण आजचं थरथरणं निराळं होतं.

मी दुकानात आले तर पाठोपाठ आले. दार लावून घेतलं. "त्याला नेऊ नकोस. आधी ते नाव काढ."

मला ठाऊक होतं, हे कधीतरी येणार.

आमच्याकडे एका घराला एकच दगड, ही जुनी रीत. गेलेल्यांची नावं एकाखाली एक वाढत जातात. प्रार्थनाघराच्या आवारातल्या कबरींमधल्या आमच्या दगडावर आजोबा, आजी, आई. आणि आईच्या खाली चौथं नाव — धाकट्याचं. जिवंत माणसाचं! जन्माचं वर्ष, मधे रेघ, आणि घर सोडून गेला ते वर्ष. बाबांनी स्वतः कोरलं, आईचं नाव कोरलं त्याच बैठकीला. उपदेशकांनी हरकत घेतली तर "दगड माझा, छिन्नी माझी" म्हणून त्यांना वाटेला लावलं. पुढे लोकांनी कानाडोळा करायला शिकून घेतलं. आमच्या घरातही कुणी त्याबद्दल बोललं नाही.

बोलणार तरी कोण? मी आणि बाबा. आम्ही दोघं दिवसभर दुसऱ्यांची नावं कोरतो.

१२ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच. मी सांगितलं, बाबा, तुम्हीच शिकवलंत मला. कागदावरचं खोडता येतं, दगडावरचं नाही. एकाच ओळीवर घासलं तर तिथे खड्डा पडतो. नाव जातं, पण नाव गेलेलं दिसत राहतं. काढायचं तर अख्खा पृष्ठभाग खाली उतरवावा लागणार. आणि तुम्ही त्याचं नाव इतकं खोल घातलंय की तिथपर्यंत उतरेस्तोवर आजोबा, आजी, आई — सगळी जाणार.

"मग जाऊ दे. नव्याने कोर."

"कोण कोरणार? तुमचे हात?"

लागलं त्यांना. लागू दे! आईचं नाव हे त्यांच्या हातचं शेवटचं सरळ काम. तसली अक्षरं मला अजून जमत नाहीत. कान्याचं टोक कुठे थांबवायचं ते त्यांच्या मनगटालाच कळायचं. मी रोज संध्याकाळी वाट वाकडी करून ते नाव बघून येते. बोट फिरवते. आईचं माझ्याकडे दुसरं काय उरलंय?

आणि ते जाऊ द्यायचं, कशासाठी? तर साहेब परत आले!

मी नाही म्हणाले. बाबांना मी आजपर्यंत कधी नाही म्हटलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

मीच घेऊन गेले त्याला. बाबांना न सांगता. बघू दे म्हटलं! एकदा डोळ्यांनी बघू दे, आपण काय करून गेलो ते.

वाटेत तो जुन्या गोष्टी काढत होता. त्या दिवशीची पण काढली — भरल्या प्रार्थनाघरात बाबा पुढे उभे राहून प्रार्थना सांगत असताना हा मधेच उठला होता. "मला यातलं काही पटत नाही. मी उगाच हात जोडून उभा राहणार नाही." सगळे माना वळवून बघायला लागले. घरी आल्यावर बाबा म्हणाले, हात जोडायचे नसतील तर या छपराखाली राहायचं नाही. त्याने बॅग भरली. आई दारात उभी होती. बोलली काहीच नाही, फक्त त्याची बॅग खेचत होती, लहान मुलासारखी. हे तो बोलला नाही. हे मला आठवलं.

दगडापुढे आलो. मी मुद्दाम मागे थांबले.

त्याने आधी आईचं नाव वाचलं. डोकं खाली केलं. मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. तो वाकून जवळ गेला. मग म्हणाला, "अक्षर बाबांचं ना?"

"हो."

"सुंदर आलंय." मग थोड्या वेळाने, "वर्ष बरोबर आहे."

आणि खाली बसून दगडाच्या बुडाशी उगवलेलं गवत उपटायला लागला. एकेक काडी. मला वाटलं होतं तो चिडेल, रडेल, निदान मला विचारेल तरी. मी काय काय उत्तरं तयार ठेवली होती! सगळी तशीच घेऊन परत आले. शरम वाटली. आणि शरम वाटली म्हणून अजून राग आला.

१५ नोव्हेंबर

बाबांना त्याने काही सांगितलं नाही. जेवला मात्र कमी. मीही मूग गिळून बसले.

१६ नोव्हेंबर

प्रार्थनेचा दिवस. धाकटा आमच्याबरोबर आला! "मला अजूनही हात जोडता येत नाहीत, पण बसेन," म्हणाला. शेवटच्या बाकावर बसला, बाबांशेजारी.

बाबा पुढे बसायचं सोडून कितीतरी दिवस झाले. आई गेल्यापासून ते दाराजवळच्या बाकावरच बसतात. प्रार्थना सांगायला उपदेशकांनी किती वेळा बोलावलं, जात नाहीत. दुःख पचलं नाही म्हातारबुवांचं, असं सगळे म्हणतात. मीही तेच समजत आले. आज उपदेशक पुन्हा म्हणाले, आता तर मुलगा आला, आता या पुढे. बाबा जमिनीकडे बघत राहिले. "माझी ती लायकी नाही," असं काहीसं पुटपुटले. उपदेशकांना तो विनय वाटला.

मला वाटला नाही. काय वाटलं तेही सांगता येत नाही.

१८ नोव्हेंबर

आत्याकडे बसून लिहिते आहे. डोकं थाऱ्यावर नाही. तरी जे झालं ते झालं तसं लिहून ठेवते.

दुपारी जेवायला बसलो. बाबांनी जेवणाआधीची प्रार्थना मोठ्याने म्हटली, किती दिवसांनी! शेवटी म्हणाले, "घर पुन्हा भरलं. तुझे उपकार." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भरलं? समोर आईची खुर्ची रिकामी दिसत नाही? मी म्हणाले, "एक राहिलं बाबा. आईच्या मातीला ज्याला सवड झाली नाही, त्याला जेवायला सवड मिळाली. त्याबद्दलही आभार माना."

धाकट्याने हातातला घास खाली ठेवला. "ताई, मला कळलंच नव्हतं गं. सगळं उरकून गेल्यावर कळलं, ते पण इकडून कामावर आलेल्या एका माणसाकडून. तुम्हाला मी नको होतो हे समजू शकतो मी. पण एक फोन तरी —"

"फोन केला होता! येत नाही म्हणालास तू!"

"कोणाला म्हणालो?"

त्याने हे अगदी साधेपणाने विचारलं. मग आम्ही दोघांनी एकदमच बाबांकडे बघितलं.

बाबांनी चमचा खाली ठेवायचा प्रयत्न केला. तो ताटावर वाजतच राहिला.

"मी फोन केला नव्हता," ते म्हणाले.

टेबलाकडे बघत पुढे सांगत राहिले: ती शेवटी शेवटी त्याचंच नाव घेत होती. उशाशी मी बसलेला, आणि ती त्याला हाका मारते. इतका संसार केला, एकदाही माझं नाव नाही. मला राग आला. ती गेली तरी तो उतरला नाही. फोनपाशी गेलो होतो. उचललाही. ठेवून दिला. मग तू दारात येऊन विचारलंस, काय म्हणाला तो? आणि तोंडातून निघून गेलं, येत नाही म्हणाला.

"आणि दगडावर?" मी विचारलं.

"येत नाही म्हणून बोललो होतो, ते खरं करायला कोरलं. वाटलं, दगडावर आलं की खरंच होईल."

मी धाकट्याकडे बघितलं. वाटलं, आता हा टेबल उलथून टाकेल. टाकायलाच हवं होतं! तो उठला, बाबांच्या शेजारी जाऊन बसला आणि त्यांचा थरथरणारा हात आपल्या हाताखाली टेबलावर दाबून धरला. चमचा वाजायचा थांबला.

मला तेही सहन झालं नाही. चार कपडे पिशवीत भरले आणि निघाले. बाबांनी हाक मारली. वळून बघितलं नाही.

१९ नोव्हेंबर

इतकी वर्षं मी एका खोट्याची चाकरी केली. त्या खोट्यासाठी भावावर रागावले. त्याच्यावरचा राग सांभाळून ठेवला, दागिने सांभाळतात तसा.

२० नोव्हेंबर

आत्याला सगळं सांगितलं. कमी ऐकू येतं तिला, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. बाबांचं पाप आता तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं असणार.

ती बाबांची सख्खी बहीण. रडली, शिव्या दिल्या, मग म्हणाली, "लहानपणी पण असाच होता मेला. बरणी फोडायचा आणि मांजरावर घालायचा." मग, "ती बरणी आयुष्यभर लपवत बसला असेल. घामाघूम होत असेल."

मी म्हटलं, त्यांची बाजू घेऊ नकोस. म्हणाली, "काय? काजू?" सोयीने बहिरी होते ही बाई!

२२ नोव्हेंबर

उपदेशक आले. माझ्या कपड्यांवरच्या दगडाच्या धुळीने त्यांना शिंका येतात, नेहमीच. मी म्हटलं, क्षमेवर बोलायला आला असाल तर आधी शिंकून घ्या.

त्यांनी नाक पुसलं. "क्षमा कर असं सांगायला मी आलेलोच नाही. मला तो अधिकार नाही. तो दगड मी रोज बघतो. एकदा हरकत घेतली, आणि मग तुझ्या वडिलांना दुखवायला नको म्हणून गप्प बसलो. जिवंत माणसाचं नाव आमच्या आवारात राहू दिलं. हे तुझ्याजवळ बोलायचं होतं."

चहा न घेता गेले. माझी भांडायची तयारी वायाच गेली. हल्ली कुणीच भांडत नाही माझ्याशी!

२६ नोव्हेंबर

धाकटा हातगाडीवर दगड घालून आला. आमचा नाही, गिऱ्हाइकाचा. शाळेतल्या एका शिक्षिकेचा, शुक्रवारी द्यायचं कबूल केलेलं. मला त्या दगडाची टोचणी लागलीच होती. आपल्या घरच्या भांडणापायी दुसऱ्याच्या दुःखाला ताटकळत ठेवायचं हे बरोबर नाही. छिन्न्याही आणल्या होत्या त्याने, फडक्यात गुंडाळून, धार जपून. हे त्याला कुणी शिकवलं? बाबांनी, अजून कुणी!

आत्याच्या मागच्या अंगणात बसून काम केलं. तो समोर बसला होता. खडूने आखून घेतलं, पहिला घाव घातला. हात स्थिर होता. कामाला बसलं की माझा हात स्थिरच असतो, बाकी सगळं वादळात असलं तरी.

"तुला राग येत नाही का रे?" मी मान वर न करता विचारलं.

"आला ना. बोगद्यात एकटा असायचो तेव्हा पुष्कळ आला. पण ताई, मी जाब विचारायला नव्हतो आलो. मला घरी यायचं होतं, एवढंच."

"तुला सोपं आहे! तू आईला मरताना बघितलं नाहीस."

बोलले आणि जीभ चावली. काय बोलले मी हे! कुणाला बोलले! तेच तर त्याच्यापासून हिरावून घेतलं होतं ना.

तो चिडला नाही. "नाही बघितलं," म्हणाला. आणि मग, "कशी गेली? सांगशील?"

इतकी वर्षं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारणारं कोण होतं? छिन्नी खाली ठेवली आणि सांगितलं. ताप कसा चढायचा. पाणी चमच्याने कसं द्यावं लागायचं. त्याला हाका मारायची ते. आणि शेवटच्या दिवशी, एकदम शुद्धीवर आल्यासारखी माझा हात धरून म्हणाली, "नखं काप. दगडाची धूळ अडकलीय. तुला बघायला कोण येईल अशानं?" मरायला टेकलेली बाई, आणि माझ्या लग्नाची काळजी! धाकटा हसायला लागला. मीही. हसता हसता त्याला रडू फुटलं, आणि मग तो थांबेचना. अंगणात, दिवसाढवळ्या, हातगाडीला टेकून. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हाताची पांढरी धूळ त्याच्या सदऱ्याला लागली.

जाताना म्हणाला, "बाबा जेवत नाहीत नीट." मी छिन्न्या गुंडाळत राहिले. त्यानेही ताणलं नाही.

३० नोव्हेंबर

आत्या प्रार्थनेहून धापा टाकत आली. मी गेले नव्हते. तिने चप्पलही काढली नाही.

"तुझा बाप उठून उभा राहिला! मागच्या बाकावरून! मधेच! उपदेशक बोलत होते, त्यांना थांबवलं!"

तिला अर्धंच ऐकू आलं होतं, बाकीचं शेजारणीने सांगितलं. बाबा म्हणाले म्हणे, माझ्या घराच्या दगडावर मी खोटं कोरलंय. माझ्या मुलाला मी त्याच्या आईची माती चुकवली, आणि माझ्या मुलीला त्याचा द्वेष करायला लावलं. दोघांची आणि त्या गेलेल्या बाईची क्षमा मागण्याइतकंही तोंड मला नाही. दगड आहे तसाच राहील. येता जाता वाचा तुम्ही सगळे. माझ्या मुलीचं म्हणणं बरोबर होतं, तिच्या आईचं नाव मी पुसू देणार नाही.

"मग?" मी ओरडून विचारलं.

"मग काय? खाली बसला. तुझ्या भावाने हात धरला. सगळं प्रार्थनाघर रडत होतं." आत्या खुर्चीत टेकली. "मला वाटायचं तो मोडेल पण वाकणार नाही. आज वाकला गं."

याच प्रार्थनाघरात मुलगा मधेच उठला म्हणून त्याला घराबाहेर काढलं होतं बाबांनी.

१ डिसेंबर

प्रार्थनेला बसले. शब्द येईनात. जे खरं होतं तेवढंच म्हटलं: देवा, मला क्षमा करायची नाही. निदान खोटं तरी बोलले नाही. आमच्या घरात ते पुष्कळ झालं.

मग तशीच बसून राहिले. आणि एक विचार आला, तो काही जाईना. बाबा म्हणतात दगड तसाच राहील. माझंच म्हणणं मान्य केलं त्यांनी. म्हणजे मी जिंकले! आईचं नाव राहिलं, त्यांच्या सुंदर अक्षरात. आणि त्याच्या खाली ते खोटं. आईने आपल्या नावाखाली ते किती दिवस धरून उभं राहायचं? ज्याची बॅग ती सोडत नव्हती, त्याला मेलेला म्हणून?

ती अक्षरं मी जपली ती आईसाठी की माझ्यासाठी?

४ डिसेंबर

सकाळीच दुकानात गेले. बाबा खुर्चीवर बसले होते. वाळलेत. मला बघून उठायला लागले. मी त्यांच्याशी बोलले नाही, बोलता येईना. धाकट्याला म्हटलं, हातगाडी काढ. उपदेशकांना विचारून, आणखी दोघांच्या मदतीने दगड काढून आणला. उपदेशकांनी स्वतः एक बाजू धरली आणि सगळा रस्ता शिंकत आले.

दगड आडवा केला. पाणी मारलं. घासायचं मशीन हातात घेतलं. बाबा म्हणाले, "नको गं. तिचं नाव नको." मी मशीन सुरू केलं.

आजोबा गेले. आजी गेली. आईचं नाव मी एका दमात नाही घासू शकले. मधे थांबले. पाण्याने राड झाली होती, ती पुसली आणि एकदा बोट फिरवलं. मग पुढे. पातळ होत होत ती अक्षरं गेली. कान्याचं ते टोक सगळ्यांत शेवटी. त्याच्या खाली धाकट्याचं नाव अजून तसंच्या तसं! इतकं खोल होतं ते. आई कधीच गेली आणि खोटं अजून हलत नाही. धाकट्याने माझ्या हातातून मशीन घेतलं. उरलेलं त्याने उतरवलं, स्वतःचं नाव, दुपार कलेपर्यंत.

आम्ही तिघंही धुळीने पांढरे झालो होतो. मधे कोरा दगड. मग मी आत जाऊन तीन माणसांचा स्वयंपाक केला. रात्री माझ्याच खोलीत झोपले.

६ डिसेंबर

आज आखणी केली. आजोबा-आजींची नावं मी कोरली. आईच्या नावापाशी आले आणि छिन्नी धाकट्याच्या हातात दिली. मूठमाती द्यायला मिळाली नव्हती त्याला. "मला येत नाही ताई," म्हणाला. छिन्नी चालवलीच शेवटी. डोंगर फोडणारा हात तो — पहिलं अक्षर वाकडं आलं. चांगलंच वाकडं, रस्त्यावरून दिसेल असं. त्याचा चेहरा उतरला. बाबा खुर्चीतून चाचरत म्हणाले, "परत घासून घेऊ या का?"

मी म्हटलं, "नको, बाबा. राहू दे."